शास्त्र समाजवादाच्या बाजूने आहे का? (मंडळीच्या मदत निधीवरून पेटलेला वाद)

हिशेबवही (रविवार, रात्री ९.१०)

नमस्कार.

कोल्हापुरातल्या एका जुन्या मंडळीची मी सभासद आहे. (बाहेरच्यांसाठी: आम्ही आमच्या चर्चच्या लोकांना मिळून ‘मंडळी’ म्हणतो. पंगतीला बसलेली मंडळी नव्हे. आणि ‘शास्त्र’ म्हणजे बायबल.) मदत निधीचं पुस्तक गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. पुस्तक म्हणजे एक निळी लेजर वही, तिला रबरबँड, आणि सोबत अंगठ्यासाठी शाईचं पॅड. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की चौदा जणांना प्रत्येकी सहाशे रुपये. अकरा विधवा, दोन म्हातारे, एक डायलिसिसवरचा. एवढाच पसारा.

आज पंच कमिटीत एक जण म्हणाले, “आता सरकार महिन्याच्या महिन्याला खात्यावर पैसे टाकतंय. लाडकी बहीण आहे, निराधारचं आहे. एकाच माणसाला दोन्हीकडून कशाला? हे बंद करू आणि छताचं काम काढू.” त्यावर दुसरे एक, रिटायर्ड अधिकारी, उसळलेच. “गरिबाकडे बघायचं काम मंडळीचं. सरकारने एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याला वाटायचं, हे शास्त्रात कुठं लिहिलंय ते दाखवा.” मग आमच्या तरुण संघातला एक पोरगा उठला. “प्रेषितांची कृत्ये, दोन चव्वेचाळीस. पहिली मंडळी कम्युनिस्टच होती.” पुढचा पाऊण तास काय झालं ते सांगत नाही. चहावर साय धरली. पाळकसाहेबांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

तर प्रश्न दोन. शास्त्र समाजवादाच्या बाजूने आहे का? आणि सरकारने कर घेऊन गोरगरिबांना द्यावं, हे शास्त्राला धरून आहे का? ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर लिहा, इथे चांगले वाचणारे लोक आहेत. धर्मांतरावर लिहायचं असेल तर कृपया वेगळा धागा काढा.

तांबडा_पांढरा (रविवार, रात्री ९.२२)

पयला!
ताई, छत खरंच गळतंय का ते आधी सांगा. कोल्हापुरात जुलैमदी छत हा पण आध्यात्मिक विषय हाय.

हिशेबवही (रविवार, रात्री ९.२५)

गळतंय. वेदीच्या डाव्या बाजूला बादली असते.

भाई_बिंदू_चौक (रविवार, रात्री १०.०४)

मी नास्तिक, पण तुमचा तरुण संघाचा पोरगा अभ्यास करून आलाय. कृत्ये २:४४-४५ सरळ आहे: विश्वास ठेवणारे एकत्र होते, त्यांचं सगळं समाईक होतं, जमीनजुमला विकून ज्याला जशी गरज तसं वाटून देत. ४:३४ मध्ये तर निकालच सांगितलाय, त्यांच्यात कुणालाच उणं नव्हतं. हे एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्या जाहीरनाम्यातलं वाक्य वाटावं असं आहे.

आणि येशूच्या आईचं, मरियेचं गीत काढा, लूकचा पहिला अध्याय. भुकेल्यांना चांगल्या पदार्थांनी तृप्त केलं, धनवानांना रिकाम्या हाताने लावून दिलं. बिंदू चौकातल्या सभेत हे नुसतं वाचून दाखवलं तर लोक लाल झेंडा कुठाय म्हणून बघतील. याकोबाच्या पत्रात (५:४) शेताची कापणी केलेल्या मजुरांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे असं लिहिलंय. आमच्या जिल्ह्यात उसाच्या फडावर राबणाऱ्या टोळीला हे समजावून सांगायला पाळक लागणार नाही.

खासगी_क्षेत्र (रविवार, रात्री १०.४१)

भाई, अर्ध्यात पान मिटू नका. पुढचाच अध्याय वाचा. हनन्या आणि सप्पीरा. जमीन विकून थोडे पैसे मागे ठेवले आणि सगळे आणले म्हणून सांगितलं. येशूचा शिष्य पेत्र काय म्हणतो? जमीन होती तोवर ती तुझीच होती ना? विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते ना? गुन्हा खोटं बोलल्याचा लावलाय, पैसे ठेवल्याचा नाही. म्हणजे खासगी मालकी शाबूत.

प्रेषित पौल करिंथच्या लोकांना लिहितो: प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, भाग पडतं म्हणून देऊ नये, संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो. आता मला सांगा, माझा टीडीएस कापला जातो तेव्हा मी संतोषाने देतो का? मला कुणी विचारतं तरी का?

लूक १२ मध्ये एक माणूस येऊन म्हणतो, माझ्या भावाला सांगा, वतनाची वाटणी करून दे. येशूने सातबारा मागितला नाही. मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं, असं म्हणून त्याला परत पाठवलं.

आणि १ शमुवेल ८. लोक राजा मागतात तेव्हा संदेष्टा शमुवेल आधीच यादी वाचून दाखवतो, राजा तुमची पोरं घेईल, चांगली शेतं घेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. दहा टक्क्यांना तो जुलूम म्हणत होता. आज तेवढ्यावर भागलं तर मी पेढे वाटीन.

तांबडा_पांढरा (रविवार, रात्री १०.४४)

सातबारा 😂 नाद खुळा.
वाटणीच्या भांडणात येशू पडला नाही म्हणजे तो कोल्हापूर कोर्टाची पायरी ओळखून होता.

पाळकाचा_पोरगा (सोमवार, सकाळी ७.५०)

बाबांच्या कपाटाखाली वाढलोय, त्यामुळे बोलतो. आत्ता पुण्यात आहे, संध्याकाळी निवांत लिहितो. तोवर खासगी_क्षेत्र यांना एकच: शमुवेल ८ मध्ये राजा घेतो ते दरबाऱ्यांना आणि चाकरांना द्यायला घेतो. गरिबांना द्यायला घेतो असं तिथं नाही. उदाहरण तुमच्या बाजूचं नाही, निदान पूर्ण नाही.

वसईकर (सोमवार, दुपारी १.१५)

कॅथलिक बाजूने थोडं. आमच्याकडे हा वाद एकशे तीस वर्षं जुना आहे आणि त्यावर लेखी उत्तरं आहेत. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कामगारांविषयी परिपत्रक काढलं. समाजवाद नाकारला, खासगी मालकी हा माणसाचा स्वाभाविक हक्क म्हटलं. पण त्याच परिपत्रकात पोट भरेल एवढी मजुरी, कामगारांच्या संघटना आणि दुबळ्यांकडे राज्यकर्त्यांनी खास लक्ष द्यावं, हेही सांगितलं. मिलमालकांना पहिला भाग आवडला, कामगारांना दुसरा. १९३१ मध्ये पोप पायस अकरावे यांनी स्पष्टच लिहिलं की चांगला कॅथलिक आणि खरा समाजवादी एकाच वेळी होता येत नाही. त्यांनीच दुसरं एक तत्त्व मांडलं, ते घरगुती भाषेत असं: जे घराला जमतं ते गावाने हिसकावू नये, जे गावाला जमतं ते सरकारने हिसकावू नये. मात्र खालच्याला जमेना तर वरच्याने हात द्यायचा.

आणखी एक. नव्या करारातल्या (बायबलच्या येशूपासूनच्या भागातल्या) लोकांना मतदान नव्हतं. कैसराचं (रोमन बादशहाचं) कैसराला द्या, असं येशू म्हणाला तेव्हा कैसर रोममध्ये बसलेला कुणीतरी दूरचा माणूस होता. आज बोटाला शाई लावून येतो तो कैसर आपणच की. मग कैसराने काय करावं हा प्रश्न ‘मी काय करावं’ यात येतोच.

खासगी_क्षेत्र (सोमवार, दुपारी १.५०)

शेवटचा मुद्दा चांगला आहे, मान्य. पण मी मत देऊन तुमच्या खिशातले पैसे तिसऱ्याला दिले तर माझ्या खात्यावर पुण्य कसं जमा होतं, ते कुणी सांगेल का? येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाला उचललं आणि त्याच्यासाठी खानावळवाल्याला स्वतःच्या कमरेचे दोन दीनार काढून दिले. रस्त्याने जाणाऱ्या याजकाकडून वसूल केले नाहीत.

भाई_बिंदू_चौक (सोमवार, दुपारी २.०५)

पुण्य तुमच्या खात्यावर जमा व्हावं म्हणून जखमी माणूस रस्त्यात पडलेला नसतो हो.

संपादक मंडळ (सोमवार, दुपारी ३.३०)

मिशनरी आणि धर्मांतर यांवरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. धागाकर्तीने विनंती केली होती.

निवृत्त_मास्तर (सोमवार, रात्री ८.२०)

मी वारकरी घरातला. पण नोकरीच्या काळात मिशनच्या शाळेत काही वर्षं शिकवलं, तिथे सकाळच्या प्रार्थनेला शास्त्रवाचन असायचं, त्यामुळे कान तयार आहे. वरचे सगळे नव्या करारात अडकलेत. मला एक शब्द आठवतोय, तो मराठी शास्त्रात आहे आणि आमच्या शिवारातही आहे. सरवा, म्हणजे काढणीनंतर रानात मागे राहिलेलं पीक.

लेवीय १९ मध्ये सांगितलंय की शेताची कापणी करताना कोनेकोपरे झाडून कापू नकोस आणि सरवा वेचू नकोस, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. अनुवाद २४ मध्ये तर शेतात विसरलेली पेंढी परत आणायला जाऊ नकोस म्हणतात. रूथची सगळी गोष्ट या सरव्यावर उभी आहे. मवाबातली परकी बाई, नवरा मेलेला, सासूला घेऊन आलेली, बवाजाच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागून कणसं वेचते.

आता माझ्या लहानपणचं सांगतो. करवीर तालुक्यातलं गाव. भुईमूग काढून झाला की दुसऱ्या दिवशी बायका-पोरं सरव्याला यायची. हातात खुरपं, कमरेला ओटी बांधलेली. आमची आई बांधावर बसून बघायची, पण कोण आलंय हे विचारायची नाही. एकदा मी एका म्हातारीला म्हटलं, “ए, तू आमच्या गल्लीतली न्हाईस, चल ऊठ.” आईनं मला जागेवर थोबाडीत दिली. म्हणाली, “शेंगा मातीत ऱ्हायल्या त्या आपल्या न्हवंत.” आपल्या नव्हेत! आमचंच रान, आमचंच बियाणं, भांगलण आमची, आणि मातीत राहिलेली शेंग आमची नाही.

हे दान म्हणायचं का? दान करताना देणारा ठरवतो कुणाला द्यायचं, किती द्यायचं. सरव्यात ते वेचणाराच ठरवतो. मालकाला नाव विचारायचीही सोय नाही. बरं, याला कर म्हणावं तर कुणी अधिकारी येत नाही, पावती नाही, न सोडल्यास दंड किती हेही तिथं लिहिलेलं नाही. आज्ञा आहे आणि तिच्यापुढे ‘मी परमेश्वर तुमचा देव आहे’ एवढीच सही आहे. खासगी_क्षेत्र म्हणतात तशी मालकी आहे, पण ती बांधापर्यंत पोचत नाही, थोडी अलीकडे संपते. भाई म्हणतात तसं समाईक काही नाही, रान बवाजाचंच आहे. माझ्या मते शास्त्र गरिबाचा हिस्सा पिकातच मोजतं. तो पोचवायचा कुणी, हे त्याच्यानंतर येतं. तुम्ही सगळे पोचवणाऱ्यावरून भांडताय.

आमच्याकडे बलुतं होतं, त्यातही खळ्यावरचा वाटा हा हक्क होता, भीक नव्हती. (बलुत्यात जातीची जी बेडी होती ती मी विसरलेलो नाही, उगाच कुणी गोड चित्र काढू नये.)

आता त्या रानात ऊस आहे. उसाला सरवा नसतो.

तांबडा_पांढरा (सोमवार, रात्री ८.४१)

मास्तर, वाडं, म्हंजी उसाचं शेंडं, असतंय की. पण ते पण आता विकत.

हिशेबवही (सोमवार, रात्री ९.०२)

मास्तर, तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला.

खासगी_क्षेत्र, संतोषाने देण्याबद्दल. माझ्या यादीतल्या एक आजी आहेत, पंच्याहत्तरीच्या पुढच्या. सहाशे घेतात, अंगठा लावतात, नोटा मोजत नाहीत. मग दर रविवारी अर्पणाची थैली फिरते तेव्हा वीसची नोट चार घड्या घालून टाकतात, आपल्याला वाटावं चिठ्ठी टाकली. महिन्याला ऐंशी रुपये परत येतात म्हणजे. त्या संतोषाने देतात. पण हे सहाशे ज्यांनी दिले त्यांच्यातल्या निम्म्यांनी दिले ते वर्गणीच्या यादीत नाव मागे राहू नये म्हणून. माझ्याकडे पुस्तक आहे, मला माहीत आहे. भाग पडतं म्हणून देणं फक्त टीडीएसमध्येच असतं असं नाही.

पाळकाचा_पोरगा (सोमवार, रात्री १०.३०)

मास्तरांना साष्टांग. आता राजांबद्दल लिहितो, कारण ‘सरकारचं हे कामच नव्हे’ हे शास्त्रातून सिद्ध करणं कठीण आहे.

स्तोत्र ७२ ही राजासाठी केलेली प्रार्थना आहे आणि तिच्यात राजाचं काम काय, तर गांजलेल्यांचा न्याय करणं, दरिद्र्यांच्या मुलांना सोडवणं. दानीएल ४ मध्ये दानीएल नबुखद्नेस्सराला सांगतो, गरिबांवर दया करून आपली पापं मोड. हा राजा यहुदी नाही, मंडळीचा नाही, बाबेलचा परका बादशहा. तरी त्याला हा हिशेब चुकत नाही.

सगळ्यात भारी नहेम्या ५. लोक ओरडत येतात: राजाचा कर भरायला आम्ही शेतं आणि द्राक्षमळे गहाण टाकले, आता पोरी दासी म्हणून द्यायची वेळ आली. नहेम्या प्रांताचा सुभेदार. त्याने सावकारांना बोलावून सभा भरवली, शेतं आणि घेतलेलं व्याज परत द्या म्हणाला, शपथ घ्यायला लावली आणि अंगावरचं वस्त्र झटकून दाखवलं, शब्द मोडणाऱ्याला देव असं झटकून टाको. आमच्या जिल्ह्यात खासगी सावकारीच्या केसेस वाचणाऱ्यांनी हा अध्याय एकदा वाचावाच. इथे सत्ता वापरली आहे, ‘मनात ठरवल्याप्रमाणे द्या’ असं सांगितलेलं नाही. आणि खासगी_क्षेत्र, तुमच्यासाठी: कर्जाचं मूळही सरकारचा करच होता, तेवढं खरं. नहेम्याने सुभेदाराच्या हक्काचा भत्ता बारा वर्षं घेतला नाही, हेही तिथेच आहे. अशा अटीवर मी कुठलाही कर भरायला तयार आहे.

खासगी_क्षेत्र (सोमवार, रात्री ११.१०)

नहेम्या मी खरंच विसरलो होतो.

पण राजांचीच गोष्ट काढली आहे तर योसेफ काढा, मिसरच्या राजाचा, फारोचा कारभारी. सुकाळात सात वर्षं पाचवा हिस्सा सरकारी कोठारात. सगळे म्हणतात, काय दूरदृष्टी, पहिली अन्नसुरक्षा योजना! पुढे उत्पत्ती ४७ कुणी वाचत नाही. दुष्काळात तोच दाणा लोकांना विकला. आधी पैसे संपले. मग गुरं दिली. मग जमिनी दिल्या आणि शेवटी लोक म्हणाले, आम्हाला फारोचे दास करून घ्या. सगळी जमीन फारोची, आणि पाचवा हिस्सा कायमचा. फक्त पुरोहितांच्या जमिनी सुटल्या, ते बरे सुटतात नेहमी. लोक वाचले, नाकारत नाही. पण कोठाराची किल्ली एकाच हातात असली की काय होतं, ते शास्त्राने लपवलेलं नाही.

भाई_बिंदू_चौक (सोमवार, रात्री ११.२६)

हा प्रतिसाद मात्र आमच्याकडच्या काही जुन्या लोकांना फ्रेम करून द्यावा असा आहे. सहमत म्हणत नाही, पण झोप उडाली.

इतिहासवेडा (मंगळवार, सकाळी ११.००)

दोन-तीन गंमती, जमेल तशा.

एक. ‘काम करायची इच्छा नसेल त्याने खाऊही नये’ हे पौलाचं वाक्य (२ थेस्सलनी. ३:१०) उजवे लोक फुकट योजनांविरुद्ध वापरतात. १९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेच्या १२व्या कलमात हेच वाक्य तत्त्व म्हणून घातलेलं आहे, अर्थात पौलाचं नाव न घेता. एकाच ओळीवर दोघांचा दावा. पौल मात्र ‘इच्छा नसेल’ म्हणतो. डायलिसिसवरचा माणूस त्यात येत नाही.

दोन. येशूच्या काळात सरकारी धान्यवाटप होतं. ऑगस्टसच्या कारकिर्दीत रोम शहरात सुमारे दोन लाख लोकांना धान्य मिळे, गरीब-श्रीमंत न बघता, नागरिक असल्यामुळे. शुभवर्तमानांत त्यावर ना टीका आहे ना शाबासकी. गालीलच्या कोळ्यांचा त्याच्याशी संबंधच नव्हता.

तीन, माझी आवडती. रोमन सम्राट ज्युलियन (इ.स. ३६१ ते ३६३) ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे वळला. गलातियातल्या मुख्य पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो चरफडतो की हे गालीली लोक (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःचे गरीब पोसतातच, वर आमचेही पोसतात, आणि आपले लोक मात्र वाऱ्यावर. म्हणून त्याने त्या प्रांताला दर वर्षी तीस हजार मोदियस (रोमन माप) धान्य आणि साठ हजार मापं द्राक्षारस सरकारी खर्चाने मंजूर केला. म्हणजे हा सरकारी पैशाचा धर्मादाय सुरू होतो तो मंडळीच्या मदत निधीशी स्पर्धा म्हणून! ताईंच्या कमिटीतल्या पहिल्या सभासदांना सांगा, सोळाशे वर्षांपूर्वी सरकार आलं म्हणून मंडळीने वही मिटली नव्हती.

आणि घरातलं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकामागून एक वसतिगृहं उभी केली. जागा आणि मदत संस्थानाची, रोजचं चालवणं त्या त्या समाजाच्या लोकांचं. वसईकरांचे पोप १९३१ ला जे लिहितात ते कोल्हापुरात तीस वर्षं आधी चुलीवर शिजत होतं. शिवाय १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून मिशन शाळांना सरकारी ग्रँट मिळायला लागली. ‘सरकारी पैसा आणि मंडळीचं काम वेगळं ठेवा’ म्हणणाऱ्या काकांचं शिक्षण कुठे झालं ते विचारा हळूच.

हिशेबवही (मंगळवार, सकाळी ११.२०)

मिशनच्याच शाळेत. 🙈

प्रयाग_चिखलीची (मंगळवार, रात्री ९.४५)

मी इथे कधी लिहीत नाही, फक्त वाचते. आज लिहिते, कारण घ्यायच्या बाजूला कुणीच बसलेलं दिसत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात आमचं घर पाण्यात होतं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं होतं. पाणी उतरल्यावर पहिल्यांदा लोक आले, सरकार नव्हे. कुठून कुठून ट्रक आले, पाणी, चादरी, भाकरी. कुणाची जात-धर्म कुणी विचारली नाही. ते उपकार जन्मभर विसरणार नाही. पण मास्तरांनी लिहिलंय ना, देणारा ठरवतो. ट्रक डांबरी रस्त्यावर थांबायचे, तिथल्यांना तीन-तीन किट, आमच्या आतल्या गल्लीत चिखल म्हणून गाडी येत नव्हती. एका ताईंनी साडी देताना फोटोसाठी तीनदा हात पुढे करायला लावला. तिसऱ्या वेळी मी साडीकडे बघितलं, पिकोसुद्धा केलेला नव्हता.

मग सरकारचा पंचनामा. त्यात फोटो नव्हता, उपकाराची भाषा नव्हती, यादीत नाव असेल तर पैसे खात्यावर. मला ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मान खाली घालावी लागली नाही. पण शेजारची माझी जाऊ, तिचं घर सासऱ्याच्या नावावर, चूल वेगळी पण कागद एक. तिचं नाव यादीत नाही. सात-आठ हेलपाटे घातले. शेवटी तिला भांडी दिली ती एका ट्रकवाल्यांनीच.

मला शास्त्रातलं कळत नाही. यादीत नसलेल्याचं काय, हे तुमच्या पुस्तकात कुठे असेल तर सांगा.

पाळकाचा_पोरगा (मंगळवार, रात्री १०.२०)

आहे. कृत्ये ६.

सगळं समाईक असलेली ती पहिली मंडळी, जिच्यावरून हा धागा सुरू झाला, तिच्यातच चार अध्यायांत ही तक्रार आली. ग्रीक बोलणाऱ्या घरांतल्या विधवा रोजच्या वाटणीत सुटत होत्या. वाटणारे इब्री बोलणारे, गावचे, एकमेकांना ओळखणारे. मुद्दाम केलं असेल असं लिहिलेलं नाही. यादीत नव्हत्या, एवढंच.

प्रेषितांनी वाटप बंद केलं नाही. सात माणसं नेमायला लावली, आणि त्या सातांची नावं बघा: स्तेफन, फिलिप्प, नीकलाव... सगळी ग्रीक नावं आहेत. ज्यांची तक्रार त्यांच्याच माणसांच्या हातात पळी दिली. मी हा भाग लहानपणापासून ऐकतोय, पण तुमचा प्रतिसाद वाचेपर्यंत नावांकडे असं कधी बघितलं नव्हतं.

वसईकर (मंगळवार, रात्री १०.३५)

+१. आणि याला समाजवाद म्हणा की धर्मादाय, दोन्हीकडे हा अध्याय लागतो.

खासगी_क्षेत्र (बुधवार, सकाळी ८.१५)

मी माझा मुद्दा सोडत नाही: सक्तीने घेतलेल्याला प्रेम म्हणू नका. पण प्रयाग_चिखलीची यांनी जे लिहिलं, मान खाली घालावी लागली नाही, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. २०१९ ला मीही एका ट्रकबरोबर होतो. आम्हीही डांबरी रस्त्यावरच थांबलो होतो.

हिशेबवही (पुढचा सोमवार, रात्री ९.३०)

काल बैठक झाली. उशिरा लिहितेय, माफ करा.

इथलं बरंच काही वाचून दाखवलं. ज्युलियनच्या द्राक्षारसावर सगळे हसले, पाळकसाहेबसुद्धा. सरव्यावर कुणी बोललं नाही, पण दोन म्हातारे सभासद डोळे पुसत होते. शास्त्र सरकारच्या बाजूने की विरुद्ध, हे अर्थातच ठरलं नाही. रिटायर्ड काकांनी १ तीमथ्य ५ काढलं, साठीच्या आतली विधवा यादीत घेऊ नका, घरच्यांनी आधी बघावं, मंडळीवर भार नको. ते लिहिलेलंच आहे, नाकारता येत नाही. तरुण संघाच्या पोराने विचारलं, घरच्यांनी बघितलंच नाही तर? काका म्हणाले, तर ते अविश्वासी माणसाहून वाईट, त्याच अध्यायात आहे. पोरगा म्हणाला, ते ठीक, पण बाई जेवली का? यावर पुन्हा चहा गार.

ठराव असा झाला: निधी बंद होणार नाही. छतासाठी वेगळी वर्गणी. पण ज्यांना सरकारकडून मिळतं अशा पाच जणींचे सहाशेचे तीनशे. मी विरोधात हात वर केला, हरले. पाळकाचा_पोरगा यांचं ऐकून मागणी केली की यादीतल्या दोन बायका वाटप कमिटीवर घ्या. एक घेतली.

आता मूळ गोष्ट. कमी केलेल्या पाचांत त्या वीसच्या नोटेवाल्या आजी आहेत. कागदावर त्यांना पेन्शन आहे. आज संध्याकाळी निरोप सांगायला त्यांच्याकडे गेले. त्यांनी पासबुक काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या डब्यात, डबा देवाच्या फोटोखाली. शेवटची एंट्री गेल्या वर्षीच्या पावसाळ्याआधीची. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, त्यातलंही एक अक्षर वेगळं. पैसे कुठेतरी अडकलेत. त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. “सगळ्यांना मिळतंय, मला न्हाई म्हटलं तर बरं दिसत न्हाई,” म्हणाल्या.

तीनशेचा निरोप सांगितला नाही. चहा पिऊन आले.

प्रयाग_चिखलीची (सोमवार, रात्री ९.४१)

ताई, आमच्याकडे अशा चार केसेस झाल्यात. आधी बँकेत जाऊन खात्याला आधार जोडलेलं आहे का ते बघा, मग नाव. दोन्ही कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स, लग्नाचा काही दाखला असेल तर तो. चर्चच्या रजिस्टरमध्ये लग्नाची नोंद असेल ना?

हिशेबवही (सोमवार, रात्री ९.४४)

असेल. रजिस्टर कपाटात आहे, साठ वर्षांपूर्वीचं शोधावं लागेल. किल्ली काकांकडे.

खासगी_क्षेत्र (सोमवार, रात्री ९.५८)

कुठल्या दिवशी जाणार? गुरुवारी मला सुट्टी आहे, गाडी आहे. आजींना जिना चढता येतो का तेवढं विचारून ठेवा, बऱ्याच शाखा पहिल्या मजल्यावर असतात.

तांबडा_पांढरा (सोमवार, रात्री १०.०३)

दहाला जावा. साडेदहाला सर्व्हर डाऊन असतोय.
आणि बादलीचं काय झालं?

हिशेबवही (सोमवार, रात्री १०.०६)

आहे अजून. आता दोन आहेत.